कोरडे राहिलेले दोन पॅड

बॉलवर कुठला पॅड चालवायचा ते मी बोटांनी ठरवायचो. त्या कामावर मला घेतलं तेसुद्धा बोटांमुळेच. मॅनेजर मधुकरसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "रोहिदास, तू खोडाळ्याच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतोस म्हणे?"

मी मान हलवली.

"मग पुडीवरची शाई कुठे जाड आहे, कुठे पातळ, हे तुला हात फिरवून कळत असेल. हे काम तसंच आहे."

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्याच्या वरच्या अंगाला ते रिसॉर्ट होतं. २००३ साली मालकांनी तिथे बोलिंगच्या दोन पट्ट्या बसवल्या. मुंबईतली एक जागा बंद पडली होती, तिथली जुनी यंत्रं ट्रकमध्ये घालून घाट चढवून आणली. लांबलचक गुळगुळीत लाकडी पट्टी, तिच्या टोकाला बाटल्यांसारख्या उभ्या दहा पिना, आणि त्या पाडायला तीन भोकांचा जड बॉल. मी गावात हे सांगितलं तेव्हा आमच्या मंडळाचे विणेकरी जिवाबाबा म्हणाले, "म्हणजे शाळिग्रामाला भोकं पाडून लोक त्याला लोळवतात, आणि तू त्याला आंघोळ घालतोस. बरी आहे की नोकरी!"

आंघोळ म्हटलं तर आंघोळच. पट्टीवर तेल असतं. बॉल लोळून लोळून ते तेल पितो, पिनांवर आपटून त्याला चरे पडतात. असा बॉल यंत्राच्या वाटीत ठेवायचा. वाटी फिरते. वरून पाण्याचा फवारा मारायचा आणि हातातला ओला पॅड बॉलवर दाबून धरायचा. पॅड चार. पाचशे नंबरचा सगळ्यांत भरड. मग हजार, मग दोन हजार, आणि चार हजारचा इतका मऊ की तो बॉल घासतो यावर विश्वास बसू नये. नंबर चढतो तसा रवा बारीक होतो हे माझ्या डोक्यात शिरायला आठवडा गेला. पाचशे जुने चरे काढतो, पण स्वतःचे पाडून ठेवतो. ते हजाराने काढायचे. हजाराचे दोन हजाराने. मधली पायरी गाळली आणि वर चार हजार फिरवून पॉलिश लावलं, तर बॉल आरशासारखा दिसतो. चरे मात्र त्या चकाकीखाली तसेच असतात.

मला हे काम मनापासून आवडायचं. चांगला कीर्तनकार अभंगाचं पहिलं चरण दहा वेळा घोळवतो, प्रत्येक वेळी त्यातून काहीतरी नवं काढतो, मगच दुसऱ्याला हात घालतो. घाई करणारा बुवा चाली चांगल्या म्हणतो, लोक माना डोलावतात, पण घरी जाताना हातात काही राहत नाही. बॉल घासताना मी हे स्वतःशी म्हणायचो आणि मला मोठं ज्ञान झाल्यासारखं वाटायचं.

पॅड धुण्याचं काम जयवंतीकडे होतं. खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरची बाई, मी ज्या जीपने यायचो त्याच जीपने यायची. तिला अक्षर येत नव्हतं, आकडे येत नव्हते. पॅडच्या पाठीवर साहेबांनी मार्करने नंबर लिहून ठेवले होते, त्यांचा तिला काही उपयोग नव्हता. ती पॅड गालाला लावून बघायची. पाचशेचं नाव तिने ठेवलं होतं सागाचं पान, हजाराचं उंबराचं, दोन हजाराचं पळसाचं आणि चार हजाराचं केळीचं. "दादा, आज पळसाचा पान लय तेलकाट जालाय," असं म्हणायची. चार पॅडना तिच्या चार बालद्या होत्या. भरड पॅडचा रवा बारीक पॅडला लागला तर बारीक पॅड फुकट जातो, हे साहेबांनी तिला एकदाच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

या नोकरीवर तिचं बरंच काही अवलंबून होतं. आधी दरवर्षी दिवाळीनंतर महिनाभराने ती, नवरा सोम्या आणि मुलगी फागी, तिघंही वीटभट्टीवर जायची, ती थेट पावसाच्या तोंडावर परत. नोकरी लागल्यापासून सोम्या एकटा जायचा. जयवंती घरी राहायची, म्हणून फागी शाळेत राहायची. सलग दोन वर्षं एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलेली त्या घरातली ती पहिलीच.

आता जे सांगायचं आहे ते.

२००५ च्या मार्गशीर्षात आमच्याकडे सप्ताह बसला होता. शुक्रवारच्या कीर्तनाला त्र्यंबकेश्वराकडचे एक बुवा येणार होते. त्यांना ऐकायला मी एकदा पायी घोटीपर्यंत गेलो होतो. आता ते आमच्या मांडवात उभे राहणार आणि मागे मृदंगाला मी. महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं. बायको नीता म्हणायची, "जेवताना तरी ताटावर बोटं वाजवू नका हो."

खोडाळ्याची शेवटची जीप पाच वाजता रिसॉर्टच्या खालून जायची. शुक्रवारी चार वाजून गेल्यावर मधुकरसाहेब एक निळा बॉल घेऊन आले. पुष्पावतीबाईंचा. या बाई नाशिकच्या, पन्नाशी उलटलेल्या, मुंबईला जाऊन स्पर्धा खेळायच्या. सराव शांतपणे करता येतो म्हणून एक शनिवार सोडून एका शनिवारी आमच्याकडे यायच्या. बाई साहेबांच्या मागोमाग आल्या.

"रोहिदास, चकाकी नको हं मला. दोन हजारावर थांब. बॉल दगडासारखा मंद दिसू दे. चकचकीत झाला की तो पट्टीवर नुसता घसरत जातो, वळायच्या जागी वळत नाही. उद्या सकाळी दहाला खेळणार मी."

"हो बाई."

मी बॉलवर बोटं फिरवली. चरे खोल होते. पाचशेपासून सुरुवात करायची, मग हजार, मग दोन हजार, प्रत्येक पॅड बॉलच्या सगळ्या बाजूंनी, मधे दर वेळी धुणं-पुसणं. नीट करायला सव्वा तास. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं.

पाचशे फिरवून झाला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. खाली जायला दहा मिनिटं लागतात. मी हजाराच्या पॅडकडे हात नेला आणि तो तसाच पुढे गेला. चार हजारचा उचलला. तेव्हा मनात काय आलं ते मला स्पष्ट आठवतं. आलं असं की, मी काही दारू प्यायला पळत नाही, देवाच्या दारात चाललोय. तो सांभाळून घेईल. चार हजार फिरवला, पॉलिश लावलं. बॉलमध्ये माझं तोंड दिसायला लागलं. चरे दिसेनासे झाले.

जयवंती पॅड न्यायला आली. आमच्या जीपला अजून वेळ आहे का हे तिने खिडकीतून उन्हाकडे बघून ठरवलं आणि पॅड उचलले.

"दादा, आज दोनच वले? सागाचा नि केळीचा? मधले तं सुके हायेत."

"बॉल चांगलाच होता गं. चल, आवर लवकर, गाडी जाईल."

त्या कीर्तनात मी जसा वाजवला तसा आधी कधी वाजवला नव्हता. बुवांनी भर सभेत मागे वळून "वा! मृदंग बोलला आज" म्हटलं आणि स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास साहेबांनी मला हाक मारली. हाक कशी आहे ते लांबूनच कळलं. पुष्पावतीबाई खिडकीजवळ बॉल उजेडात धरून उभ्या होत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "वरून आरसा, आतून खरवडलेलं भांडं. आणि मी चकाकी नको म्हटलं होतं ना?"

साहेबांनी बॉलवर नख फिरवलं. "चकाकी याने सवयीने लावली असेल. पण हे चरे भरड पॅडचे. चार हजाराच्या पॅडमध्ये रवा शिरलाय. जयवंती! ए जयवंती!"

ती हात पुसत आली.

"सगळे पॅड एकाच बालदीत बुचकळलेस ना?"

"नाय साहेब. चार पॅड, चार बालद्या. आन् काल तं दोनच वले व्हते. सागाचा नि केळीचा. मधले दोन सुके."

"सागाचा आणि केळीचा!" साहेब बाईंकडे बघून हसले. "ऐकलंत? आमच्याकडे पॅड नाहीत, पत्रावळी आहेत." मग माझ्याकडे वळले. "काय रे, मधले दोन वापरलेच नव्हतेस तू?"

प्रश्न सरळ होता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी 'नाही' म्हटलं असतं तर ओरडले असते, एखादा दिवस बोलले नसते, आणि संपलं असतं.

"वापरले होते, साहेब."

जयवंतीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. अंधुक उजेडात माणूस ओळखीचा आहे की नाही हे बघतात ना, तसं.

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "जयवंती, एवढं सांगूनसुद्धा तेच. उद्यापासून येऊ नको तू."

ती मागे वळली. बालद्या पालथ्या घातल्या, फडकी वाळत टाकली, आणि भर उन्हात खालच्या रस्त्याकडे निघून गेली. बालद्या पालथ्या घालण्याचं तिला आता काही कारण नव्हतं, तरी घातल्या.

त्या दिवशीच्या कीर्तनाला माझा हात दोनदा चुकला. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं. नीताने विचारलं, "पोटात दुखतंय का?" मी हो म्हटलं. एकदा खोटं बोललं की दुसरं किती सोपं जातं, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

रविवारी सकाळी काल्याचं कीर्तन. मी रजा घेतली होती. बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकर, कुणाचा भात, कुणाची नुसतीच मिरची. पेंद्याची नक्कल केली तेव्हा बायाबापड्या हसून हसून पडल्या. मी मृदंगावर होतो आणि वाट बघत होतो. मला वाटत होतं, बुवा आता खोट्याबद्दल बोलतील, दुसऱ्याच्या पोटावर पाय देणाऱ्याबद्दल बोलतील. त्यांच्या तोंडून देवाने मला मारलं असं धरून मी मोकळा होईन. दोन तास झाले, हंडी फुटली, काला वाटला गेला. माझ्याबद्दल एक शब्दसुद्धा नव्हता. देवाने मला माझं ओझं त्याच्यावर ढकलूही दिलं नाही.

काला झाला की आमच्यात सगळे एकमेकांच्या पाया पडतात. थोरला धाकट्याच्या, गुरुजी विद्यार्थ्याच्या, सासू सुनेच्या. समोरच्यातल्या देवाला नमस्कार, मग तो कोण हे बघायचं नाही. रांग सरकत होती. जिवाबाबांच्या पायावर डोकं ठेवून एक बाई माझ्यापुढे आली आणि वाकली. जयवंती होती. बरोबर फागी.

मी पाय मागे ओढले.

"पाय काय ओढतोस रे?" जिवाबाबा खेकसले. "फार मोठा झालास काय हार घालून?"

जयवंती वाकलेलीच होती. खालूनच म्हणाली, "वढू दे बाबा. मी याच्या पाया थोडीच पडतंय? याच्या गल्यात मृदुंग हाय, त्याला नमस्कार." तिने मृदंगाला हात लावून कपाळाला लावला आणि पुढच्या माणसाकडे सरकली.

मांडवाच्या कडेला ती फागीला द्रोणातला काला भरवत होती, तिथे मी गेलो. मृदंग अजून गळ्यातच होता.

"जयवंती, माझं चुकलं."

"व्हय."

"उद्या कामावर गेलो की साहेबांना खरं सांगतो. पहिलं काम तेच."

"उद्या सकालला टरक हाय भट्टीचा," ती म्हणाली. "आमी तिघा जातू. फागीला येकलीला कोणाकडं ठेवू?" तिने पोरीच्या हनुवटीवरचं दही बोटाने पुसलं. "तू सांग नायतं नको सांगू. पाड्यावर सगली म्हनतात जयवंतीनं गोटा बिघडवला, म्हनून हाकालली. कालपास्ना पोरा गोटेवाली म्हनून चिडवतात. त्याचा काय करशील?"

फागी माझ्याकडे बघत द्रोण चाटत होती.

तोवर देवळापुढे पालखी उचलली गेली होती. कीर्तनानंतर दिंडी गावभर फिरते आणि सगळं गाव दारात रांगोळ्या काढून उभं असतं. टाळ वाजायला लागले. "मृदंग! मृदंग कुठाय?" अशी ओरड झाली.

मी जिवाबाबांकडे गेलो. "बाबा, मला जव्हारला जावं लागेल. आत्ताच."

"आत्ता? पालखी खांद्यावर आहे आणि मृदंगवाला निघाला! कुणाचं लग्न लागतंय तिकडे?"

"बाबा, मी खोटं बोललोय." त्या गोंगाटात मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. पॅड, जीप, कीर्तन, जयवंती. पाच-सहा वाक्यांत संपलं. एवढंसं होतं ते.

जिवाबाबा थोडा वेळ वीणेच्या खुंट्या चाचपत राहिले. मला वाटलं, म्हातारा पाठीवरून हात फिरवेल, 'जा लेकरा' म्हणेल.

"काढ गळ्यातला," ते म्हणाले. "तसंही आज तुझ्या हाताने वाजायला नको. शुक्रवारीच नको होतं."

मी मृदंग काढून त्यांच्या पायाशी ठेवला. दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं. नाक्यावर जीपची वाट बघत होतो तेव्हा दिंडी निघालेली ऐकू आली, नुसत्या टाळांची. लोक एकमेकांना विचारत असणार, रोहिदास कुठे गेला. कुणी ना कुणी सांगतही असणार.

रिसॉर्टवर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मधुकरसाहेब आणि पुष्पावतीबाई व्हरांड्यात चहा घेत बसले होते. बाईंची बॅग भरलेली होती. मला एकट्या साहेबांना गाठायचं होतं. तेही नशिबात नव्हतं.

"तू रजेवर ना?" साहेबांनी विचारलं. कपाळावर बुक्का आणि गंध घेऊन मी तसाच आलो होतो.

"साहेब, काल खोटं बोललो. मधले दोन पॅड मी वापरलेच नव्हते. जयवंती सांगत होती ते खरं होतं."

साहेबांनी कप खाली ठेवला. "का नाही वापरलेस?"

"पाचची गाडी चुकली असती. कीर्तन होतं, साहेब. मृदंगाला मी होतो."

हे बोलताना मला आत कुठेतरी अजून आशा होती. देवाचं नाव घेतलं तर थोडं हलकं होईल, अशी. पुष्पावतीबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अरे, मग मला सांगायचंस की," त्या म्हणाल्या. "मी दुपारी खेळले असते. मला काय, दिवसभर इथेच तर होते."

त्या रागावल्या असत्या तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं. त्या खरंच नवल करत होत्या. इतका साधा रस्ता होता आणि तो मला दिसलाच नव्हता. मागायला लाज वाटली, आणि खोटं बोलायला वाटली नाही.

साहेब उठून आत गेले. परत आले ते हजाराचा आणि दोन हजाराचा पॅड घेऊन. दोन्ही कडक वाळलेले, घडी तशीच. जयवंतीने त्यांना पाणी लावलंच नव्हतं. कशाला लावेल? साहेबांनी एक पॅड अंगठ्याने चोळून पाहिला, मग दुसरा.

"ती म्हणत होती आणि मी हसलो," ते हळूच म्हणाले. मग एकदम चढ्या आवाजात, "आणि तू हसू दिलंस! तोंड शिवलं होतं का तुझं?"

"नाही साहेब. तोंड उघडलं होतं. तेच वाईट झालं."

"पुढचा बॉल याच्याकडे देऊ नका," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "माझा त्या बाईकडूनच करून घ्या."

"तिला नंबर वाचता येत नाहीत, बाई."

"याला येतात की."

साहेबांनी हातातले दोन्ही पॅड एकमेकांवर ठेवले.

शेवटी साहेब म्हणाले, "उद्यापासून यंत्रावर ती. तू बालद्यांवर. आणि तिला आणायचं काम तुझं. नाही आली तर तूही येऊ नको."

सोमवारी सकाळी भट्टीचा ट्रक खोडाळ्याच्या नाक्यावर उभा होता. सातला निघायचा, आठ झाले तरी माणसं चढतच होती. भांडी, गोधड्या, कोंबड्या, एक शेळी. जयवंती वर बसली होती, फागी तिच्या मांडीत. सोम्या खालून गाठोडी वर देत होता.

मी ट्रकच्या फळीला धरून म्हणालो, "जयवंती, साहेबांना सांगितलं. तुला बोलावलंय. आजच."

"काय सांगितला?"

"सगळं. खरं काय झालं ते."

"मना सांगू नको, मना ठावं हाय." तिने हाताने ट्रकभर माणसं दाखवली. "यांना सांग. मोठ्यानं सांग."

कीर्तनात हजार माणसांपुढे बसायची मला सवय होती. पण तिथे बोलतो तो बुवा. मी मागे असतो, मृदंगाच्या आड. इथे पुढे काही नव्हतं. मी सांगितलं. बॉल जयवंतीने बिघडवला नाही, मी बिघडवला. विचारलं तेव्हा खोटं बोललो, म्हणून तिला काढलं. आवाज मधेच बसला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं! भजनात तं लय वरडतोस!"

लोक हसले. एक म्हातारी शेळीच्या पलीकडून म्हणाली, "गल्यात तुलशीची माल घालून बी खोटा बोलतंय गं बाय!" आणखी हसले. सोम्या हसला नाही. त्याने हातातलं गाठोडं खाली ठेवलं आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर चाललं असतं. पण त्याने नुसतं वर बघितलं आणि बायकोला म्हणाला, "उतर. पोरीला उतरव. मी जातंय."

जयवंती उतरली. आपलं गाठोडं वेगळं काढायला वेळ लागला, कारण तिघांचे कपडे एकत्र बांधलेले होते. रस्त्यातच सोडून तिने सोम्याचे कपडे निवडून त्याला दिले. ट्रक गेला. फागी बापाला हात करत राहिली.

"बालद्याच ना?" जयवंतीने विचारलं.

"नाही. यंत्र तुझ्याकडे दिलंय. बालद्या माझ्याकडे."

तिने जरा विचार केला. "मंग आधी शाळंत चल."

"शाळेत कशाला?"

"शनवारी गुरुजीच्या घरी जाऊन सांगून आली, फागी आता यायची नाय. त्यानं लय समजावला मना. म्हनाला, दोन वर्सं शिकवली ती पान्यात गेली. मना काय बोलताच नाय आला." ती गाठोडं डोक्यावर घेऊन चालायला लागली होती. "मी नाय सांगायची परत. तू सांग."

शाळा भरायला वेळ होता. गौतम गुरुजी व्हरांड्यात उभे राहून पोरांकडून अंगण झाडून घेत होते. शुक्रवारच्या कीर्तनाला ते पहिल्या रांगेत होते. मला हार घातला तेव्हा टाळ्या वाजवणारे पहिले तेच. मला बघून हसले.

"या मृदंगाचार्य! काल दिंडीतून कुठे गायब झालात? आणि जयवंती, तू तर निघाली होतीस ना गं?"

जयवंतीने गाठोडं पायरीवर ठेवलं आणि बाजूला झाली. फागी आपण होऊनच झाडणाऱ्या पोरांत जाऊन मिसळली.

मी चपला काढल्या. चौथ्यांदा सांगायचं होतं, तरी सोपं झालं नव्हतं.

"गुरुजी," मी म्हणालो, "शुक्रवारी माझ्याकडे एक काम आलं होतं. मला घाई होती म्हणून मी ते अर्धं सोडलं."

"कीर्तनाची घाई ना? ती सगळ्यांनाच होती हो," गुरुजी समजुतीने म्हणाले.

"नाही गुरुजी," मी म्हणालो. "माझी घाई."

आणि मी पुढचं सांगायला लागलो.